बीपी मोजायचा तर आधी पाच मिनिटं गप बसा राजेहो

आमच्या घरी बीपीची मशीन आली ती बाबांसाठी, पण दोन महिन्यांत ती अर्ध्या गावाची झाली. संध्याकाळी वावरातून परतताना कोणी ना कोणी ओट्यावर येऊन बसणार, "भाऊ, माहा बीपी पाहून दे बरं जरासा," आणि हात पुढे. मीपण पहिले पहिले लगेच पट्टा गुंडाळायचो, बटन दाबायचो, आकडा सांगून टाकायचो, समोरच्याचं तोंड एकतर उतरायचं नाहीतर खुलायचं. मग एक दिवस एका काकाजींचा आकडा १६२ आला, ते घाबरून तिथंच बसून राहिले, आईनं पाणी दिलं, जरा वेळानं परत मोजला तर १३८. मशीन खोटी नव्हती, काकाजीही खोटे नव्हते, घाई माझी होती.

म्हणून हे लिहून राह्यलो. कोणतं बटन दाबायचं ते डब्यातल्या कागदावर असतंच. पण तो कागद "हात हृदयाच्या लेव्हलला ठेवा" एवढंच म्हणतो, काहून ठेवायचा ते सांगत नाही, आणि काहून ते कळलं नाही की माणूस दोन दिवस पाळतो अन् तिसऱ्या दिवशी हात मांडीवर टाकून मोकळा.

तर मशीन मोजते काय ते आधी. पाठीवरचा फवारणीचा पंप सगळ्यांनी पाहिला आहे, बॅटरीवाला नाही, जुना दांड्याचा. दांडा आपण थांबून थांबून मारतो पण नोझलमधून फवारा सलग येतो, तुटत नाही. कारण आत प्रेशरचा डबा असतो, दांडा मारला की त्यातली हवा दबते आणि पुढचा दांडा पडेपर्यंत तीच हवा पाणी रेटत राहते. आपल्या आत डिट्टो हेच आहे. मुठीएवढं हृदय एका ठोक्यात साधारण ७० मिली रक्त फेकतं, म्हणजे टपरीवरच्या कटिंगएवढं, मग सैल पडून पुन्हा भरतं. ते भरत असताना रक्त पुढे कोण ढकलतं? हृदयातून निघणारी महाधमनी. ती रबरासारखी आहे, ठोका आला की फुगते, ठोका सरला की आकसते आणि आतलं रक्त पुढे पाठवते. फुगलेल्या वेळचा सगळ्यात जास्त दाब तो वरचा आकडा, पुढचा ठोका पडायच्या ऐन आधी उरलेला सगळ्यात कमी दाब तो खालचा. म्हणून खालचा आकडा कधी शून्य होत नाही. आणि म्हातारपणी ही धमनी कडक होते, हवेचा डबा निकामी झालेला पंप जसा झटके देतो तसं होतं, वरचा आकडा वाढतो आणि खालचा तेवढा वाढत नाही, उलट उतरतोसुद्धा. आमच्याकडे येणाऱ्या साठीपुढच्या बऱ्याच जणांचं असंच दिसतं, १५८/७४ वगैरे, आणि ते म्हणतात खालचा तर चांगला आहे ना. वरचाही पाहावा लागतो आबाजी.

ही पंपाची तुलना मी शोधली नाही बरं. स्टीफन हेल्स नावाचा एक इंग्रज पाद्री होता, त्यानं रक्तवाहिनीच्या या लवचिकपणाची तुलना आग विझवायच्या बंबातल्या हवेच्या डब्याशी केली होती. त्याच माणसानं एका घोडीच्या धमनीत नळी घालून तिला काचेची उभी नळी जोडली तर रक्त ८ फूट ३ इंच वर चढलं, १७३३ साली त्यानं हे छापलं. बीपीची पहिली मोजणी म्हणतात ती ही. माणसावर हे कोण करू देणार, म्हणून पुढे १८९६ मध्ये रिवा-रोची या इटालियन डॉक्टरनं दंडाला बांधायचा पट्टा काढला, आणि १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरनं सांगितलं की पट्टा ढिला करताना कोपरात कान लावा, टकटक सुरू होईल तिथं वरचा, आवाज बंद होईल तिथं खालचा. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून अजूनही तेच ऐकतात. आपली डिजिटल मशीन मात्र ऐकत नाही, ती पट्ट्यातल्या हवेत नाडीमुळे येणारे बारीक हेलकावे पकडते आणि त्यावरून हिशेब करून दोन आकडे देते. आता विचार करा, ती इतके बारीक हेलकावे पाहत असताना आपण हात हलवला, मूठ आवळली, मांडीवर नातू येऊन बसला, तर ती काय पकडणार.

दुसरी गोष्ट, दाब नुसत्या पंपानं होत नाही, पुढची नळी किती आवळलेली आहे त्यानंही होतो. शरीरात सगळीकडे बारीक धमन्या आहेत, त्यांच्या भिंतीत स्नायू असतो, तो आवळला की तोंड बारीक होतं. ठिबकवाल्यांना हे सांगायला नको, पण गणित भारी आहे: नळीचा व्यास निम्मा केला तर त्याच दाबावर पाणी निम्मं नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतं. त्यामुळे या नळ्या जराशा जरी आवळल्या तरी आकडा टणकन वर जातो. आणि त्या आवळतात कशानं? थंडीनं, रागानं, दुखण्यानं, तुंबलेल्या लघवीनं, तंबाखूनं, कापसाच्या भावावर बोलण्यानं. म्हणजे मोजण्याआधीचे सगळे नियम जे आहेत ते या नळ्या सैल पडू देण्यासाठी आहेत, बाकी काही नाही.

तर आता करायचं कसं. चहा, कॉफी, बिडी, खर्रा, यातलं काहीही मोजायच्या अर्धा तास आधीपासून बंद. खर्ऱ्याचं मुद्दाम सांगतो कारण आपल्याकडे लोक गालात खर्रा धरूनच बीपी मोजायला येतात, बोलता येत नाही म्हणून हातानंच खूण करतात की मोज. तंबाखूतलं निकोटिन ठोकेही वाढवतं आणि नळ्याही आवळतं, तर तो आकडा तुमचा नाही, खर्ऱ्याचा आहे. वावरातून, एसटीतून उतरून, सायकल मारून आलात तरी अर्धा तास जाऊ द्या. आधी लघवीला जाऊन या. हे सांगायला लोक लाजतात, बायका तर जास्तच, पण भरलेल्या मूत्राशयानं आकडा सहज दहाएक पॉइंट चढतो.

मग पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसा, प्लास्टिकची चालते. खाटेच्या काठावर नाही, स्टुलावर नाही, ओट्यावर पाय लोंबकळत तर नाहीच. पाठ टेकलेली नसली तर अंग सरळ धरायला स्नायू ताणलेले राहतात. दोन्ही पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय टाकायचा नाही. असं बसून पाच मिनिटं गप. गप म्हणजे मोबाईलही नाही, टीव्हीवरची सिरीयलही नाही. मला माहीत आहे हे पाच मिनिटांचं कोणी करत नाही, मी स्वतः सुरुवातीला करत नव्हतो, पण त्या काकाजींचे २४ पॉइंट जे उतरले ते त्या बसण्यानं उतरले, गोळीनं नाही.

पट्टा उघड्या दंडावर. शर्टाची बाही वर गुंडाळली आणि ती दंडाला घट्ट बसली तर तीच एक दोरी होते, त्यापेक्षा हात बाहीतून काढून घ्या. बायकांच्या ब्लाऊजची बाही घट्ट असते तेव्हा आई मोजते, मी बाहेर जातो, असं आमच्याकडे ठरलेलं आहे. पट्ट्याची खालची कड कोपराच्या वळीपासून दोन-तीन बोटं वर, नळी कोपराच्या आतल्या बाजूनं खाली येईल अशी, आणि पट्टा एवढाच घट्ट की खालून दोन बोटं जातील.

पट्ट्याच्या मापाकडे कोणी पाहत नाही आणि सगळ्यात मोठी चूक तिथं होते. मशीनसोबत येतो तो पट्टा बहुतेक २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो, पट्ट्यावर छापलेलं असतं, वाचा. शिवणकामाचा टेप घ्या आणि दंडाच्या मधोमध घेर मोजा. दंड जाड आणि पट्टा लहान असला तर मशीनला जास्त जोर लावून दाबावं लागतं आणि बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. आमच्या शेजारच्या एका मामींचा दंड ३६ भरला, त्या वर्षभर हाय बीपीच्या धसक्यात होत्या, मोठा पट्टा मागवला तर १२८ च्या आसपास. उलट वाळलेल्या म्हाताऱ्या माणसाला तोच पट्टा मोठा होतो आणि आकडा कमी येतो.

आता हात. हा भाग जरा नीट वाचा. बीपीचा १२० म्हणजे १२० मिलिमीटर पारा. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणजे पाण्यात मोजलं तर साधारण १६३ सेंटीमीटर उंच खांब, पुऱ्या माणसाएवढा. आता टाकीचं पाणी आठवा, नळ जितका खाली तितकं प्रेशर जास्त. हात हृदयापेक्षा १० सेंटीमीटर खाली असला तर तेवढ्या रक्ताच्या खांबाचं वजन पट्ट्याखालच्या धमनीत वाढतं, हिशेब केला तर जवळपास ८ पॉइंट. वर उचलून धरला तर तेवढेच कमी. म्हणून पट्टा छातीच्या मधल्या हाडाच्या निम्म्या उंचीवर यावा, शर्टाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बटनाच्या जवळपास धरा. आणि हात टेकवलेला हवा, स्वतःच्या ताकदीनं अधांतरी धरलेला नाही. आमच्याकडे टेबल बुटका आहे म्हणून आम्ही त्यावर उशी ठेवतो, आधी तांदळाचा डबा ठेवायचो. मनगटावर बांधायची छोटी मशीन मी म्हणूनच घेऊ नका म्हणतो, मनगट मांडीवर ठेवलं की ते वीसेक सेंटीमीटर खाली गेलं, पंधरा पॉइंट फुकटचे.

मोजताना बोलायचं नाही, समोरच्यानंही बोलायला लावायचं नाही. "जेवले का काकाजी?" हे मशीन फुगत असताना विचारायचं नसतं, ते माणूस सज्जन, उत्तर देणारच. एक झालं की एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही लिहा. पहिला बहुतेक जास्त येतो, म्हणून आवडला तो ठेवला अन् नाही आवडला तो खोडला असं नको. पहिल्यांदा मोजत असाल तर दोन्ही हातांचा मोजा, ज्याचा जास्त येतो तो हात पुढे कायम वापरा, आणि फरक नेहमीच पंधराच्या वर येत असला तर डॉक्टरला सांगा, एका बाजूची धमनी अरुंद असू शकते.

एवढा कीस का पाडतो आहे तर बाबांमुळे. हिवाळ्यात तालुक्याला दाखवायला गेलो, एसटी स्टँडवरून पायी, गर्दी, नंबर लागला तसं स्टुलावर बसवलं, स्वेटरची बाही वर सरकवली, हात खाली लटकत, वरून बाबा सोयाबीनचं काय झालं ते सांगून राह्यले. १६८/९६. गोळी वाढली. दहा-बारा दिवसांनी बाबा रात्री लघवीला उठले आणि दाराशीच चक्कर येऊन बसले, थोडक्यात वाचले, उंबरठ्यावर डोकं आपटलं असतं. मग मशीन घेतली, सात दिवस सकाळ-संध्याकाळ नीट मोजला, १२० च्या खालीच येत होता, उभं राहिल्यावर तर ९८. वही घेऊन गेलो, डॉक्टरांनी ती पूर्ण पाहिली आणि गोळी परत आधीएवढी केली. दोष मी तिथं मोजणाऱ्या माणसालाही देत नाही, बाहेर साठ पेशंट बसलेले. पण पाच मिनिटं बसायला एक खुर्ची दवाखान्यात असू नये का?

सात दिवसांचा हिशेब असा: सकाळी उठून लघवी झाल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी दोनदा, संध्याकाळी जेवणाआधी दोनदा. पहिला दिवस सोडून द्या, त्या दिवशी मशीनचीच धाकधूक असते. उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. ती घरी १३५/८५ किंवा वर असेल तर हाय समजतात. दवाखान्यात ही हद्द १४०/९० धरतात, कारण तिथं बऱ्याच जणांचा आपोआप चढतो. काही जणांचं उलटं असतं, दवाखान्यात नॉर्मल अन् घरी वाढलेला, ते तर घरी मोजल्याशिवाय कळतच नाही. आणि "मले त काईच होत नाही, डोकं नाही दुखत, मंग बीपी कुठून?" हे रोज ऐकतो. बीपी बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही. महात्मा गांधींचासुद्धा १९४० साली २२०/११० भरल्याची नोंद आहे.

याच्या पुढचा गैरसमज जास्त खोल गेलेला आहे. एक बाई निंदणाहून आल्या, १५० च्या वर आला, तर म्हणाल्या, "अवो माह्या आंगात रक्तच नाही, सात पॉइंट सांगतलं होतं, बीपी कसा वाढन?" आपल्याकडे रक्त कमी म्हणजे लो बीपी, अशक्तपणा म्हणजे लो बीपी, चक्कर आली की लो बीपी, सगळं एकाच पोत्यात. ते सात पॉइंट हिमोग्लोबिनचे, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणारा लाल माल किती आहे त्याचे. रक्त आकारमानानं पाचेक लिटर असूनही तो माल कमी असू शकतो. टाकी भरलेली, नुसतं पाणी पातळ. त्यामुळे हिमोग्लोबिन कमी आणि बीपी जास्त हे एकाच माणसात सुखानं नांदतात. हिमोग्लोबिन कमी असलं तर पहिले बदलते ती नाडी, कारण माल कमी म्हणून हृदयाला फेऱ्या जास्त माराव्या लागतात. बसल्या जागी नाडी सतत शंभरच्या वर असेल तर बीपी नॉर्मल असला तरी रक्त तपासून घ्या. आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडच्या लोकांनी, नात्यात कोणाला सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर सोबत तीही तपासणी.

नाडी पाहायला मशीन लागत नाही. तळहात वर, अंगठ्याच्या खालच्या बाजूला मनगटावर तर्जनी आणि मधलं बोट हलकं ठेवा. अंगठ्यानं पाहू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. बोटाला लागतो तो रक्ताचा लोंढा नसतो बरं का, ती दाबाची लाट असते, पाइपाला एका टोकाला थापट मारली की दुसऱ्या टोकाला लगेच जाणवते तशी. रक्त तिच्या मागून बरंच हळू येतं. विसाव्याच्या वेळी ६० ते १०० नॉर्मल. ७२ धरला तर दिवसाचे लाखाच्या वर ठोके होतात, आणि मिनिटाला पाच लिटर म्हणजे अंगातलं सगळं रक्त मिनिटभरात एक फेरा मारून येतं. पण आकड्यापेक्षा ताल पाहा. ठोके अगदीच बेताल पडत असतील, एक लवकर एक उशिरा, काही धरबंद नाही, तर पुरा एक मिनिट मोजा आणि डॉक्टरला ईसीजी काढायला सांगा, कारण हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नसले तर तिथं रक्त साकळून गाठ होते आणि ती मेंदूत जाऊन लकवा होऊ शकतो. अशा माणसाचा डिजिटल मशीनवरचा आकडाही दरवेळी वेगळा येतो, तिथं तीनदा मोजून सरासरी घ्यावी.

उन्हाळ्याचं वेगळं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, अंग थंड करायला कातडीतल्या नळ्या सैल होतात, वरून घामानं पाणी जातं, दोन्हीनं दाब उतरतो. त्यात बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असलं तर अजून. माणूस उभा राहिला की एरवीही अर्धा-पाऊण लिटर रक्त पायात उतरतं, मानेतल्या आणि छातीतल्या धमन्यांत बसलेले राखणदार ते ओळखून लगेच नळ्या आवळतात आणि ठोके वाढवतात, पण उन्हानं सुकलेल्या अन् गोळी घेतलेल्या म्हाताऱ्यात ते जमत नाही. पाहायचं असं: पाच मिनिटं आडवं होऊन मोजा, मग उभं करून एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी, धरायला माणूस जवळ ठेवून. वरचा २० किंवा खालचा १० नं उतरला तर वहीत लिहून डॉक्टरला दाखवा. स्वतःच्या मनानं गोळी बंद करायची नाही, गावात हे लय चालतं, उतरला म्हणून बंद, चढला म्हणून शेजाऱ्याची गोळी. शेजाऱ्याचा दमा, किडनी, साखर तुम्हाला माहीत आहे का?

एक आकडा मात्र वहीत लिहून थांबायचा नाही. १८०/१२० च्या वर आला तर पाच मिनिटं बसवून परत मोजा. तेवढाच असेल आणि सोबत छातीत दाब, दम, तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळणं, दिसेनासं होणं यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन. आणि ही लक्षणं असतील तर मशीन शोधतच बसू नका, बीपी नॉर्मल असला तरी हार्ट अटॅक येतो. काहीच त्रास नसेल तर घाबरून धावपळ करू नका, गोळी चुकली का ते पाहा आणि त्याच दिवशी डॉक्टरशी बोला.

बाकी मशीनचं. दंडावरची घ्या, दुकानातच तुमच्या मापाचा पट्टा मागा, सेल कमी झाले की बदला. वर्षातून एकदा दवाखान्यात सोबत न्या आणि तिथल्या यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहा. वहीत तारीख, वेळ, कोणता हात, दोन्ही आकडे, नाडी, आणि बाजूला एक शब्द: झोप नाही, ताप, भांडण, ठेचा जास्त. ठेच्याची गंमत वाटेल, पण मीठ जास्त गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं आणि वहीत ते दिसतं. आणि मशीन धान्याच्या कोठीजवळ ठेवू नका, आमच्या पहिल्या पट्ट्याची नळी उंदरानं कुरतडली होती, तीन दिवस एरर येत होता आणि आम्ही बाबांनाच म्हणत होतो की हात हलवू नका.